हरीण कोणाचे? कोल्हापूर परिसरातील शिकार, जमीन आणि कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

कोल्हापूर परिसरात हरणाच्या शिकारीचा अधिकार वेगवेगळ्या काळात कोणाकडे होता, आणि हरीण ज्या जमिनीवर चरते त्या जमिनीच्या मालकीशी या अधिकाराचा काय संबंध होता, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. संस्थानकाळात शिकार दरबारच्या मर्जीने चाले. स्वातंत्र्यानंतर ती परवान्याने चालू लागली आणि १९७२ नंतर टप्प्याटप्प्याने बंद झाली. अधिकार बदलत गेला. खाजगी शेतात चरणाऱ्या हरणाचा भार मात्र सातत्याने कसणाऱ्यावर राहिला, आणि शिकारीचे कौशल्य असलेला पारधी समाज कायद्याच्या कक्षेत संशयित म्हणूनच राहिला, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : शिकार, काळवीट, कुरण, मालकी क्षेत्र, दाजीपूर, फासेपारधी, वन्यजीव अधिनियम.

१. प्रस्तावना

कोल्हापूर संस्थानच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने राजर्षी शाहू महाराजांच्या सामाजिक सुधारणा, १९०२ चा आरक्षणाचा निर्णय, वसतिगृहे, राधानगरीचे धरण आणि कुस्ती व कलांना मिळालेला राजाश्रय या विषयांभोवती झाले आहे. त्या विषयांचे महत्त्व वादातीत आहे. शिकारीची माहिती या लेखनात येते, परंतु ती बहुधा राजाचा छंद किंवा मर्दानी खेळ म्हणून आठवणींच्या स्वरूपात येते. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालयात भुसा भरून ठेवलेले प्राणी पाहणाऱ्याच्या मनावरही तोच ठसा उमटतो. प्राणी कोणत्या जमिनीवर मारला गेला, ती जमीन कोणाची होती, तेथे पीक उभे होते की गवत, हे त्या दालनातून कळत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय नेमका हाच आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) संस्थानकाळातील शिकारीचे स्वरूप आणि जमिनीचे प्रकार यांचा संबंध तपासणे, (आ) स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी या संबंधात केलेला बदल पाहणे, (इ) या बदलात शेतकरी आणि पारधी या दोन घटकांचे स्थान निश्चित करणे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधने व कायद्यांच्या तरतुदी यांचा आधार घेतला आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत ‘हरीण’ हा शब्द दोन वेगळ्या कुळांतील प्राण्यांसाठी वापरला जातो. सांबर, चितळ, भेकर हे खरे मृग होत. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असून ती ठरावीक काळाने गळतात व नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा यांची शिंगे पोकळ असतात व ती आयुष्यभर टिकतात. हा भेद प्राणिशास्त्रापुरता मर्यादित नाही. सांबर व भेकर हे पश्चिमेकडील सह्याद्रीच्या जंगलातील प्राणी आहेत, तर काळवीट हा पूर्वेकडील उघड्या माळाचा प्राणी आहे. जंगल आणि माळ यांच्या मालकीचे स्वरूप निराळे होते. त्यामुळे शिकारीच्या पद्धतीही निराळ्या राहिल्या.

२. पूर्वपरंपरा : रानावरचा हक्क आणि रयतेचा हक्क

राजाचा हक्क आणि रयतेचा हक्क यांतील सीमारेषेचा विचार कोल्हापूरच्या राज्यपरंपरेला नवीन नव्हता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. अमात्यांचे घराणे पुढे गगनबावड्याच्या जहागिरीमुळे कोल्हापूर संस्थानाशी जोडलेले राहिले. आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाच्या संदर्भात या ग्रंथात जो विवेक सांगितला आहे तो येथे महत्त्वाचा ठरतो. रानातील लाकूड परवानगीने तोडावे. परंतु आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने दीर्घकाळ जपून वाढवलेली असल्याने त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच, तर मालकास राजी करून व मोबदला देऊन ते घ्यावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे राज्याची गरज कितीही मोठी असली, तरी रयतेच्या जमिनीत वाढलेल्या वस्तूवर रयतेचा हक्क मान्य केला गेला होता.

हा न्याय झाडाला लागू झाला, प्राण्याला मात्र नाही. झाड एका जागी उभे असते आणि ते कोणी वाढवले हे गावाला ठाऊक असते. हरीण आज कुरणात असते आणि उद्या जोंधळ्यात. त्याला कोणी वाढवलेले नसते, तरी ते कोणाच्या तरी पिकावर वाढलेले असते. पुढील सर्व काळात कायद्याला सोडवावा लागलेला पेच हाच होय.

३. संस्थानकाळ : जंगल, कुरण आणि माळ

कोल्हापूर संस्थानातील जमीन खालसा, इनाम व जहागीर अशा प्रकारांत विभागलेली होती. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरींना आपापल्या क्षेत्रात विशेष अधिकार होते. त्यांपैकी विशाळगड व बावडा यांच्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट जंगलाचा मोठा भाग होता. याशिवाय गावोगावी गायरान आणि राखलेली गवताची कुरणे होती. कुरणे राखण्यामागचा मूळ हेतू घोडदळ, हत्ती व सरकारी जनावरांसाठी चारा मिळावा हा होता. त्या गवताच्या आश्रयाने हरणे राहत. त्यामुळे चाऱ्यासाठी राखलेली जमीन ओघाने शिकारीचीही जमीन ठरली.

पश्चिमेकडील जंगलात शिकारीची प्रचलित पद्धत ‘हाका’ ही होती. हाकारे ओळीने रान उठवत येत आणि माचाणावर किंवा नाक्यावर बसलेला शिकारी समोर येणाऱ्या जनावरावर गोळी झाडत असे. या पद्धतीस मोठ्या संख्येने माणसे लागत, आणि ती आसपासच्या गावांतूनच येत. हिंदुस्थानातील अनेक संस्थानांत हाक्यासाठी माणसे पुरवणे हा वेठीचाच एक प्रकार होता. शाहू महाराजांनी १९२० मध्ये आपल्या संस्थानात वेठबिगारीस बंदी केली. तिचा विचार करताना शिकारीच्या या श्रमबाजूकडे अभ्यासकांनी लक्ष देणे उपयुक्त ठरेल. दाजीपूरचे जंगल ही दरबारची शिकारीसाठी राखलेली जागा होती. राज्यातील पहिल्या अभयारण्यांपैकी एक पुढे येथेच निर्माण झाले, याचे कारणही त्या राखणीत शोधता येते.

पूर्वेकडील माळावरची शिकार याहून वेगळी होती. तेथे चित्त्याकडून काळवीट धरण्याचा खेळ चाले आणि कोल्हापूर संस्थान त्यासाठी देशभर ख्यातनाम होते. माणसाळवलेला चित्ता डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवर बसवला जाई. कळपाच्या शक्य तितक्या जवळ गेल्यावर टोपी काढून त्याला सोडले जाई. चित्त्याचा वेग प्रचंड असला, तरी दम अल्प असतो. काही शे यार्डांत काळवीट हाती लागले नाही, तर तो पाठलाग सोडून देतो. म्हणूनच कळपाच्या जवळ पोहोचणे हे या शिकारीतील खरे कसब होते. जनावर पडल्यावर चित्त्याला लाकडी पळीतून रक्त पाजून सावजापासून दूर केले जाई व पुन्हा टोपी चढवली जाई.

या पद्धतीतील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. पायी चालणारा माणूस दिसला की काळविटाचा कळप उधळतो, पण बैलगाडीला तो फारसा बिचकत नाही. कारण शेतात ये-जा करणाऱ्या गाड्या त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात. राजाची शिकार साधत असे ती शेतकऱ्याच्या गाडीने कळपाच्या मनात निर्माण केलेल्या विश्वासामुळे. शेतकरी आणि काळवीट एकाच जमिनीवर वावरत होते, त्या सहवासाचा लाभ तिसऱ्याला होत होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील रानटी चित्ता जवळजवळ संपला. तेव्हा कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवून हा खेळ चालू ठेवला. कोल्हापुरात तो राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही (१९२२ ते १९४०) चालू होता. देशातील अखेरचे तीन रानटी चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेल्याची नोंद आहे. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शिकारीचे साधन परदेशातून आणता आले. सावज आणि त्याचे माळ मात्र स्थानिकच होते. ते पुढे कसे आटले हे पाहण्यापूर्वी शिकारीतील आणखी एका घटकाचा विचार करावा लागेल.

४. फासेपारधी : कौशल्य आणि कलंक

राजाच्या शिकारीला ‘खेळ’ म्हटले गेले. त्याच माळावर पोटासाठी हरीण धरणाऱ्या फासेपारध्याच्या वाट्याला मात्र गुन्हेगार ही ओळख आली. कळपाच्या वाटेवर फास मांडणे, गाईच्या आडोशाने जनावराजवळ सरकणे, ठशांवरून जनावराचे वय व वेळ ओळखणे हे त्यांचे पिढीजात ज्ञान होते. चित्ते धरून त्यांना शिकवणारी शाखाही पारध्यांत होती. म्हणजे राजेरजवाड्यांच्या शिकारीमागील ज्ञानाचा एक भाग याच समाजाकडून आलेला होता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू करण्यात आला. ज्या जमाती या कायद्याखाली आल्या त्यांना हजेरी, हालचालींवर निर्बंध आणि कायमचा संशय भोगावा लागला. या पार्श्वभूमीवर शाहू महाराजांचे धोरण उठून दिसते. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातील अशा जातींची हजेरी बंद केली, तसेच फासेपारध्यांना कामे व आसरा देऊन स्थिर जीवनाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. स्वतः निष्णात शिकारी असलेल्या राजाला या माणसांचे कसब ठाऊक होते, हे त्यामागील एक कारण मानता येईल. स्वातंत्र्यानंतर गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि १९५२ मध्ये या जमाती देशभर विमुक्त झाल्या. परंतु शिकार बंद झाल्यावर त्यांच्या हाती पर्यायी जमीन मोठ्या प्रमाणावर आली नाही. राजांच्या शिकारी संग्रहालयात जतन झाल्या. पारध्याचा फास मात्र गुन्ह्यातील मुद्देमाल ठरला.

५. विलीनीकरणापासून १९७२ पर्यंत

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारची जंगले सरकारी वने झाली. शिकारीवर राजाच्या मर्जीचे जे नियंत्रण होते ते संपले, पण त्याच्या जागी नवे नियंत्रण तेवढ्याच तत्परतेने उभे राहिले नाही. देशातील अनेक माळांवर या काळात जीपगाड्या, प्रखर दिवे आणि बंदुका यांच्या साह्याने काळविटांचा मोठा संहार झाला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले.

पश्चिमेकडील जंगलाला संरक्षण मिळाले, तसे ते पूर्वेकडील माळाला मिळाले नाही. महसुली दप्तरात माळ ‘पडीक’ असतो, आणि पडीक जमीन उपयोगात आणणे हे त्या काळाचे सर्वमान्य उद्दिष्ट होते. अन्नधान्य वाढीची मोहीम, कूळकायदा, राधानगरीच्या पाण्यावर व पुढे उपसा सिंचनावर पसरलेला ऊस, सहकारी साखर कारखाने, औद्योगिक वसाहती या सर्वांनी जिल्ह्याला समृद्धी दिली. उजळाईवाडीचा विमानतळ माळावर झाला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठही सागरमाळावरच उभे राहिले. या विकासाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र काळवीट कमी होण्यास केवळ शिकार कारणीभूत झाली, असे मानणे अपुरे आहे. त्याच्या पायाखालची जमीन सार्वजनिक चराऊ माळातून खाजगी बागायतीत गेली, हे कारण तितकेच मोठे आहे.

६. ‘मालमत्तेचे रक्षण’ : एका तरतुदीचा इतिहास

शिकारीच्या कायद्यांची तुलना करताना एका तरतुदीकडे विशेष लक्ष जाते. ब्रिटिश मुलखातील १९१२ च्या वन्य पक्षी व पशू संरक्षण कायद्यात दोन अपवाद होते : स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या जीविताच्या रक्षणासाठी जनावर मारणे, आणि मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी जनावर मारणे. हा कायदा संस्थानांना आपोआप लागू नव्हता. तथापि उभे पीक ही मालमत्ता आहे आणि तिच्या रक्षणाचा हक्क कसणाऱ्याला आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले होते. अर्थात १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर बंदूक बाळगणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असल्याने हा हक्क पुष्कळदा कागदावरच राहिला असणार.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हे चित्र बदलले. त्यात जीविताच्या रक्षणाचा अपवाद कायम राहिला, मालमत्तेचा अपवाद मात्र परवानगीच्या अधीन गेला. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ अन्वये सक्षम अधिकारी शिकारीस लेखी परवानगी देऊ शकतो, पण ही मुभा पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना लागू नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. आरंभी या अधिनियमात परवानाधारक शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना झाली, तरी मूळ तत्त्व बदलले नाही.

याच अधिनियमातील कलम ३९ अधिक विचार करायला लावते. बेकायदा शिकार झालेला किंवा मृत आढळलेला वन्य प्राणी, तसेच त्याचे मांस, कातडे, शिंगे ही शासनाची मालमत्ता ठरतात. शेतकऱ्याच्या बांधावर हरीण मरून पडले, तर ते त्याच क्षणी सरकारचे होते. जिवंत असताना तेच हरीण पीक खात होते, तेव्हा मात्र त्याची मालकी सांगून नुकसानीची जबाबदारी घेणारा कोणी मालक नसतो. नुकसानभरपाईची शासकीय योजना आहे. पण ती सानुग्रह साहाय्याच्या भाषेत बोलते, मालकाच्या दायित्वाच्या भाषेत नाही. पंचनामा, अर्ज आणि प्रतीक्षा यांचा भार ज्याचे पीक गेले त्याच्यावरच येतो.

इतर देशांशी तुलना केल्यास हा पेच अधिक स्पष्ट होतो. इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी बांधला गेला. परिणामी जमीनदाराने राखलेले ससे कुळाचे पीक खात आणि कुळाला त्यांना मारता येत नसे. हा अन्याय काही अंशी दूर करण्यासाठी तेथे १८८० मध्ये स्वतंत्र कायदा करून कुळाला ससे मारण्याचा हक्क द्यावा लागला. अमेरिकेत वन्य प्राणी लोकांच्या वतीने राज्याने सांभाळायचा ठेवा मानला जातो. सार्वजनिक जमिनीवर परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते. खाजगी जमिनीवर परवान्याबरोबर मालकाची संमतीही लागते. भारताने शिकारच बंद करण्याचा मार्ग स्वीकारला. प्राण्यांची घटती संख्या पाहता तो आवश्यक होता. परंतु त्यामुळे जमीनमालक आणि वन्य प्राणी यांचे कायदेशीर नाते काय, हा प्रश्न सुटला नाही. तो बाजूला राहिला.

७. आजचे चित्र : कुंपणाच्या आत आणि बाहेर

कोल्हापूरच्या शेजारी, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे परिसरात असलेले सागरेश्वर अभयारण्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडे लावून तेथे सांबर, चितळ व काळवीट आणले गेले. १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला. राजाने राखलेल्या जंगलातून नव्हे, तर लोकांच्या प्रयत्नातून उभे राहिलेले हे वन आहे. तथापि कळप वाढले, कुंपण जीर्ण झाले, आणि हरणे भोवतालच्या शेतांत उतरू लागली. लोकांनीच उभारलेल्या वनाची झळ लोकांनाच लागली.

पश्चिमेकडे परिस्थिती निराळी आहे. २०१० मध्ये चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. राधानगरीपासून आजरा-चंदगडपर्यंतच्या पट्ट्यात मात्र सरकारी वन आणि मालकी क्षेत्र एकमेकांत मिसळलेले आहे. २०२० पासून विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे म्हणून पुढे आली. कायद्यानुसार संवर्धन राखीव क्षेत्र शासकीय जमिनीवरच करता येते. खाजगी अथवा सामूहिक जमिनीसाठी २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा वेगळा प्रकार ठेवला असून तो मालकाच्या स्वेच्छेवर आधारलेला आहे. भेकर किंवा सांबराला ही हद्द ठाऊक नसते. सरकारी जमीन हद्दीपर्यंत येऊन थांबते, पण प्राण्याची वाट मालकी क्षेत्रातून पुढे जाते. त्या क्षेत्रात प्राण्याचे रक्षण करण्याची अपेक्षा जमीनधारकाकडून केली जाते; त्या बदल्यात त्याला कोणता हक्क मिळतो, याविषयी कायदा पुरेसा बोलत नाही.

८. निष्कर्ष

१. कोल्हापूर परिसरात शिकारीची पद्धत जमिनीच्या प्रकारावर अवलंबून होती. राखीव जंगलात हाका आणि शेतांना लागून असलेल्या माळावर चित्त्याची शिकार, असे तिचे दोन प्रवाह दिसतात.

२. दरबार, परवाना व बंदी या तिन्ही टप्प्यांत प्राण्यावरील अधिकार राज्यसत्तेकडेच राहिला. प्राण्याचे पोषण मात्र मोठ्या प्रमाणात कसणाऱ्याच्या जमिनीवर झाले.

३. राखीव जंगल संस्थानकाळातील राखणीमुळे वाचले. माळ ‘पडीक’ मानला गेल्यामुळे गेला. काळविटाच्या ऱ्हासाचा विचार बंदुकीबरोबरच नांगर आणि पाणी यांच्या इतिहासातही करावा लागेल.

४. १९१२ च्या कायद्यातील मालमत्ता-रक्षणाचा अपवाद १९७२ मध्ये परवानगीच्या अधीन गेला. त्याची भरपाई करणारे दायित्व शासनाने तितक्याच स्पष्टपणे स्वीकारले नाही.

५. पारधी समाजाचे वन्य प्राण्यांविषयीचे ज्ञान शिकारीच्या काळात वापरले गेले. संरक्षणाच्या काळात त्या ज्ञानाला सन्मानाचे काम मिळणे अद्याप बाकी आहे. माग काढणे आणि गणना या कामांत त्याला स्थान देता येण्यासारखे आहे.

आज शिकार पुन्हा सुरू करावी असे या अभ्यासातून सूचित करावयाचे नाही. हरीण सर्वांचे आहे, ही भूमिका योग्यच आहे. परंतु जे सर्वांचे आहे त्याचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. रयतेने वाढवलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी तिला राजी करून मोबदला द्यावा, हा विचार याच भूमीतील राज्यकर्त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी मांडला होता. रयतेच्या पिकावर वाढणाऱ्या हरणाच्या बाबतीत तोच न्याय लावण्याचे काम अजून व्हायचे आहे.